पूर आणि शेजारधर्म

वाईस जाणारा यात्रेकरू ढोल्या गणपतीचे दर्शन घेतो, मूर्तीच्या भव्यतेने विस्मित होतो, घाटाच्या पायऱ्यांवर घटकाभर बसतो आणि परत फिरतो. देवळाच्या पाठीमागे जाऊन तेथील भिंत पाहण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही. ती घ्यावी अशी आमची वाचकांस विनंती आहे. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधविलेल्या या देवळाची मागची भिंत मत्स्याकार आहे. कृष्णेस पूर आला म्हणजे वरून येणारे पाणी तिच्या निमुळत्या टोकावर दुभंगते आणि देवळाच्या दोन्ही अंगांनी निघून जाते. देऊळ नदीच्या काठावर, किंबहुना तिच्या पात्रातच बांधावयाचे हे ज्यांनी ठरविले, त्यांनी पाणी येणारच हे गृहीत धरले होते, आणि आलेल्या पाण्यास वाट कशी द्यावी एवढाच प्रश्न त्यांनी आपल्या गवंड्यांपुढे ठेवला असला पाहिजे.

याच नदीच्या काठाने खाली नृसिंहवाडीस गेले असता हा विचार आणखी एक पाऊल पुढे गेलेला दिसतो. तेथे कृष्णा व पंचगंगा यांचा संगम आहे आणि दत्तपादुकांचे मंदिर पाण्याच्या इतके निकट आहे की बहुतेक पावसाळ्यांत ते बुडते. पाणी उत्तरेकडून गाभाऱ्यात शिरते, पादुकांवरून वाहत जाते व दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. त्या दारापाशी स्नान करण्यासाठी लोक दूरदूरच्या गावांहून येतात. त्यास दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. पाणी आणखी चढले म्हणजे उत्सवमूर्ती वरच्या नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात, पूर ओसरला म्हणजे गाळ काढतात, आणि नित्याची पूजाअर्चा पूर्ववत सुरू होते. ज्या घटनेस सरकारी दप्तरात आपत्ती असे नाव आहे तिलाच येथे सोहळा म्हणतात, हे पाहून परक्या माणसास नवल वाटेल. आम्हांस त्यातील भक्तीपेक्षा व्यवहार अधिक शिकण्याजोगा वाटतो. पाण्यास आत येण्यास एक दार आहे, बाहेर जाण्यास दुसरे आहे, आणि जे भिजू नये ते कोठे हलवावयाचे हे आधीच ठरलेले आहे.

कृष्णाकाठच्या पुराचे स्वरूप ज्यांस ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. नदीचा उगम महाबळेश्वरी, जेथे वर्षास साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. आणि सांगलीस पडतो तो पाचसहाशे मिलिमीटर. म्हणजे सांगली बुडते ती स्वतःच्या पावसाने क्वचितच. कऱ्हाडास कोयना मिळते, हरिपुरास वारणा मिळते, नृसिंहवाडीस पंचगंगा मिळते. आणि सह्याद्री उतरून सपाटीवर आलेली नदी काळ्या मातीतून वळणे घेत संथ चालू लागते, तेव्हा डोंगरातून आलेले पाणी पुढे सरकण्यास वेळ लागतो व ते आडवे पसरते. आमच्या गावी लख्ख ऊन पडलेले असावे, दोरीवर कपडे वाळत असावे, आणि गल्लीच्या टोकाशी पाणी विताविताने वर चढत असावे, असा प्रसंग आम्ही एकाहून अधिक वेळा पाहिला आहे. १९२९ साली बांधलेल्या आयर्विन पुलाची फूटपट्टी हे त्या दिवसांतले आमचे पंचांग होय. चाळीस फुटांस इशारा आणि पंचेचाळीस फुटांस धोका; मग प्रत्येक फुटागणिक कोणती पेठ, कोणता चौक, कोणाचा उंबरा, हे लहान मुलांससुद्धा तोंडपाठ असते.

अशा मुलुखात गावे कशी वसली, हे त्यांच्या नावागावांपेक्षा त्यांच्या मातीवरून अधिक चांगले कळते. आपल्याकडे शेतजमिनीस काळी व गावठाणास पांढरी म्हणण्याचा परिपाठ आहे. पिढ्यानपिढ्या पडलेल्या घरांची माती, चुलींची राख, शेणामातीची सारवणे यांनी चढत गेलेले ते पांढरट टेकाड. गाव स्वतःच्याच भूतकाळावर उभे राहून पाण्यापासून उंच होत गेले. याहून जुनी साक्ष पाहिजे असल्यास घोड नदीच्या काठचे इनामगाव पाहावे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी तेथे उत्खनन केले तेव्हा तीन हजार वर्षांहून जुन्या वस्तीबरोबर दगडमातीचा एक बांध व त्यालगतचा एक कालवा उजेडात आला. तो बांध कोणा एकाने आपल्या घराभोवती घातलेला नव्हता. ते काम सबंध वस्तीने मिळूनच केले असले पाहिजे. आणि सबंध वस्तीने काही करावयाचे म्हणजे कोणी तरी कोणास तरी दगड वाहावयास लावले असेल, काही भांडणेही झाली असतील, हे आम्ही विसरत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे इष्ट आहे. पूर्वजांच्या शहाणपणाचे गोडवे गाणे हा आमच्या व्यवसायातील माणसांचा आवडता विरंगुळा आहे, आणि त्यात एक मोठी लबाडी असते. पांढरीच्या माथ्यावर वाडा असे, देऊळ असे. उतारावर कोण राही? नदीलगत कोळी, कुंभार, परीट. आणि गावकुसाबाहेर, अनेक गावी सखल अंगासच, ज्यांस गावाने गावात घेतलेच नाही ते. पुराचे पाणी कोणाच्या घरात आधी शिरावे याचा निर्णय गावाने बांधणीच्या वेळीच करून ठेवलेला असे. त्यास फक्त दैव हे नाव दिलेले असे. तेव्हा जुन्या रचनेतून पाण्याशी कसे वागावे हे शिकावे. शेजाऱ्याशी कसे वागावे, ते मात्र तेथून शिकण्याची आम्हांस इच्छा नाही.

आता आजच्या रचनेकडे वळू. आपल्या राज्यात नदीकाठी दोन पूररेषा आखतात. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी, आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामास मनाई, दोहोंच्या मधल्या पट्ट्यात निर्बंध. नियम उत्तम आहे. परंतु ‘शंभर वर्षांतून एकदा’ या शब्दांनी जितके शहाणे लोक फसविले आहेत तितके क्वचितच दुसऱ्या कोणत्या शब्दांनी फसविले असतील. एकदा येऊन गेला, आता नातवंडांच्या वेळी येईल, असा त्याचा अर्थ लोक करतात. खरा अर्थ असा की, दर वर्षी तो येण्याचा संभव शंभरांत एक इतका असतो, आणि काल येऊन गेल्याने आज तो रतिभरही कमी होत नाही. तीस वर्षे जो त्या रेषेवर राहील त्यास तो एकदा तरी गाठण्याचा संभव शंभरांत सव्वीस आहे. निळ्या रेषेवर राहणाऱ्यास तोच संभव सत्तरांच्या वर जातो. इतक्या जोखमीच्या आगगाडीत कोणी पाऊल टाकणार नाही. परंतु घरे बांधली जातात. आणि हा हिशेबही मागील पावसाळ्यांवर बेतलेला आहे; हवामान पालटत असता पुढचे पावसाळे मागच्यांसारखेच राहतील असे मानण्यास आज आधार उरलेला नाही.

आम्हीही बांधले. हे सांगताना संकोच वाटतो, परंतु या लेखाचे प्रयोजनच ते असल्यामुळे सांगणे भाग आहे. आमची जागा त्या दोन रेषांच्या मधली. २००५ चा पूर आम्ही भाड्याच्या घरातून पाहिला होता. त्या वेळी पुलावर पाणी त्रेपन्न फुटांच्या पुढे गेले. दोन वर्षांनी घर बांधावयास काढले तेव्हा त्या पुराची खूण पाहून, तिच्याहून एक फूट उंच येईल अशा बेताने मुरुमाची भर घातली, त्यावर जोते उचलले, आणि भोवती दगडी कुंपणभिंत घातली. परवाना रीतसर होता. आपण दूरदर्शीपणा केला असे आम्हांस वाटत होते, आणि वास्तुशांतीस आलेल्या पाहुण्यांनीही तसेच म्हटले. आमच्या प्लॉटच्या कडेने एक ओत जात असे. पावसाळ्याबाहेर तो कोरडाच, त्यात तण व कचरा. भर घालताना तो बुजला. तो बुजला असे आज लिहितो. खरे म्हणजे आम्ही तो बुजविला.

२०१९ च्या ऑगस्टात पुलावरचे पाणी सत्तावन्न फुटांच्या पुढे गेले, म्हणजे २००५ च्या मानाने सुमारे चार फूट अधिक. आमच्या जोत्याचा हिशेब चुकला. घरात कमरेएवढे पाणी आले, पुस्तकांचे खालचे दोन खण गेले. त्याचे आम्हांस विशेष दुःख झाले नाही, किंवा झाले तरी ते विसरण्याजोगे होते. पूर ओसरू लागला तसे आमच्या घरातून पाणी प्रथम गेले. मागच्या गल्लीत, जेथे शिंपीकाम करणारी, हातगाडीवर भाजी विकणारी सातआठ कुटुंबे राहतात, तेथे मात्र ते त्यानंतर कित्येक दिवस साचून राहिले. त्या गल्लीतील एक वृद्ध मावशी आमच्या घरी पूर्वीपासून येत जात असत. गाळ काढावयास आम्ही चार विद्यार्थी घेऊन तिकडे गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, “सर, आधी पाणी यायचं तसं जायचं. औंदा आलं आणि बसलं.” त्यांच्या बोलण्यात ठपका नव्हता. ओत कोठून जात असे हे त्यांस ठाऊक होते व आम्हांसही ठाऊक होते. आम्ही दोघांनीही त्या बाजूस पाहिले नाही.

तेव्हापासून एक प्रश्न आमच्या मनातून जात नाही. आमच्या भिंतीने मावशींच्या घरातील पाणी नेमके किती वाढविले? जलशास्त्र जाणणाऱ्या एका स्नेह्यास विचारले. त्याने प्रामाणिकपणे सांगितले की, एवढ्या विस्तीर्ण पुरात एका प्लॉटच्या भरावाने पातळीत पडणारा फरक मोजता येण्यासारखा नसतो. ओत बुजल्याने निचरा लांबतो हे खरे, परंतु त्या ओतावर वरच्या अंगास आणखी वीसपंचवीस घरे आहेत. या उत्तराने आमचे समाधान व्हावयास हवे होते. जे मोजता येत नाही त्याचा दोष काय? आम्ही भिंत पाडली असती तरीही मावशींच्या घरी पाणी साचलेच असते. परंतु हेच उत्तर त्या वीसपंचवीस घरांतील प्रत्येकास देता येते, आणि प्रत्येकाच्या तोंडी ते खरे असते. तरीही पाणी तेथे साचले ते आम्हा सर्वांमुळे.

तत्त्वज्ञांनी या कोड्याचा विचार केला नाही असे नाही. डेरेक पार्फिट यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या ‘रीझन्स अँड पर्सन्स’ या ग्रंथात असेच एक उदाहरण कल्पिले आहे: हजार माणसे प्रत्येकी एकेक कळ दाबतात, प्रत्येक कळीने होणारी वेदनेची वाढ जाणवण्याइतकीही नसते, आणि सर्वांची मिळून पुढच्या माणसास असह्य यातना होते. आपल्या कृत्याचा परिणाम एकट्याने मोजावा ही सवयच मुळी चुकीची आहे, असा पार्फिट यांचा रोख आहे. कांटच्या वाटेने जाणारा निराळे बोलेल: सर्वांनी असेच करावे असे तुला म्हणता येईल काय, एवढेच स्वतःस विचार. सर्वांनीच भर घालावी असे आम्हांस म्हणता येत नव्हते. सर्वांनी घातली असती तर आमच्या भरीचा उपयोगच उरला नसता. आमची उंची ही शेजाऱ्याच्या सखलपणावरच अवलंबून होती.

कायद्याच्या इतिहासात या बाबतीत दोन परस्परविरुद्ध वृत्ती दिसतात, आणि त्या पाहण्याजोग्या आहेत. प्राचीन रोमच्या कायद्यात अशी एक दाद मागण्याची सोय होती की, शेजाऱ्याने केलेल्या बांधकामामुळे पावसाच्या पाण्याची नैसर्गिक वाट बदलून ते आपल्या शेतात नुकसान करील असे झाल्यास ते काम काढून टाकण्यास त्यास लावता यावे. वरच्या शेताचे पाणी खालच्याने सोसावे, परंतु वरच्याने ते मुद्दाम वाढवू नये, असा तो सरळ न्याय. उलट अमेरिकेतील काही न्यायालयांनी एकोणिसाव्या शतकात पाणी हा ‘सामाईक शत्रू’ आहे असे मानले: ज्याने त्याने आपापल्या जमिनीवरून त्यास हुसकावून लावावे, मग ते शेजाऱ्याच्या अंगणात गेले तरी बेहत्तर. आम्ही ज्या दिवशी मुरुमाच्या गाड्या मागविल्या त्या दिवशी आम्ही या दुसऱ्या पंथाचे अनुयायी होतो, हे आम्हांस फार उशिरा कळले. शत्रू सामाईक म्हणावयाचा आणि संरक्षण मात्र ज्याचे त्याने करावयाचे, यातील विसंगती त्या न्यायाधीशांस कशी खटकली नाही, याचे आम्हांस आश्चर्य वाटते.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर घडली म्हणजे तिचे काय होते हे पाहावयाचे असेल तर बिहारमधील कोसीकडे पाहावे. १९५४ नंतर त्या नदीच्या दोन्ही अंगांस लांबच लांब तटबंध घालण्यात आले. तटबंधांबाहेरच्या मुलुखास संरक्षण मिळाले. आत मात्र शेकडो गावे व लाखो माणसे राहिली, आणि पूर्वी जे पाणी दहा दिशांना पातळ होऊन पसरत असे ते आता त्यांच्या वाट्यास एकवटून येऊ लागले. नदीबरोबर येणारा गाळही आतच साचून तळ उंच होत गेला. १८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळातील कुसहा येथे तटबंध फुटला व नदी आपल्या जुन्या वाटेने धावली. तेव्हा ज्यांस सुरक्षित म्हटले होते तेही बुडाले. भिंत बांधताना कोणास आत ठेवावयाचे व कोणास बाहेर, हा निर्णय अभियंत्याच्या नकाशावर एका रेघेने होतो, आणि ती रेघ ओढली जात असता आतले लोक त्या खोलीत नसतात.

म्हणून नेदरलँड्समधील एका उदाहरणाचा उल्लेख करावासा वाटतो. १९५३ च्या समुद्रपुरात तेथे अठराशेंहून अधिक माणसे गेली, आणि त्यानंतर त्या राष्ट्राने जगात कोणी बांधली नसतील अशी धरणे व दारे समुद्रावर बांधली. परंतु १९९५ साली नद्या इतक्या चढल्या की अडीच लाख लोकांस घरे सोडावी लागली. तेव्हा बांध आणखी उंच करण्याऐवजी नदीस जागा मोकळी करून द्यावी असा विचार पुढे आला. नायमेखेन शहरासमोर वाल नदीचा बांध साडेतीनशे मीटर मागे घेतला. त्यासाठी सुमारे पन्नास घरे पाडावी लागली. ओव्हरडीप या सखल भागातील शेतकऱ्यांनी तर आपली जमीन पुरास खुली करण्याची योजना स्वतःच मांडली: आम्ही उंच टेकाडे घालून त्यांवर नवी घरे व गोठे बांधतो, पाणी चढेल तेव्हा ते आमच्या शेतात येऊ द्या. सतरांपैकी आठच शेतकरी तेथे राहिले. बाकीचे भरपाई घेऊन निघून गेले. त्या टेकाडांचे चित्र पाहताना आम्हांस आपल्या पांढरीची आठवण झाली. फरक इतकाच की तेथे टेकाडावर कोणी राहावे हे जातीने ठरले नाही आणि उंच होण्याचा खर्च एकट्या शेतकऱ्याच्या माथी आला नाही. तो देश श्रीमंत आहे, हे कोणीही आम्हांस सांगेल, आणि ते खरेच आहे.

आपल्याकडे ‘पूररेषेतील लोकांनी उठून जावे’ असे म्हणणारे बहुधा लाल रेषेच्या बाहेर राहतात. कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीच्या लोकांस सोनतळीच्या माळावर जागा मिळून बरीच वर्षे झाली. काहींनी तेथे घरेही बांधली, परंतु जुने गाव सुटले नाही. त्यांस हट्टी म्हणणे सोपे आहे. पूर वर्षातून दहा दिवस येतो, आणि ऊस, म्हैस, विहीर, देव ही उरलेल्या तीनशे पंचावन्न दिवसांची असतात. पुण्याचा अनुभव उलट बाजूचा आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत व खडकवासला ही धरणे फुटून नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या, तेव्हा लोकांस हलावेच लागले; गोखलेनगर, सहकारनगर, लोकमान्यनगर या वसाहतींत पूरग्रस्त राहावयास गेले आणि शहराचा नकाशाच पालटला. परंतु लोक उंचावर गेल्यावर रिकामा झालेला नदीकाठ रिकामा राहिला काय? २०२४ च्या जुलैत खडकवासल्यातून पाणी सोडले तेव्हा सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत तळमजले बुडाले. तेथे राहणाऱ्यांनी आमच्यासारखेच रीतसर पैसे मोजले असतील, आणि कोणी तरी त्यांस नकाशा दाखविला असेल.

२०२१ साली पाणी आमच्या उंबऱ्यापाशी येऊन थांबले. त्याच उन्हाळ्याच्या आधी आम्ही कुंपणभिंतीस ओताच्या जागी दोन ठिकाणी मोऱ्या पाडल्या होत्या व बुजलेल्या ओताचा आमच्या हद्दीतला तुकडा उकरून मोकळा केला होता. त्याने मागच्या गल्लीतील पाणी लवकर गेले काय, हे सांगणे कठीण आहे. मावशींनी एक दिवस लवकर गेले असे सांगितले, पण त्या आमचे मन राखणाऱ्या आहेत. वरच्या अंगाच्या घरांशी आम्ही बोललो. दोघांनी आपापला तुकडा मोकळा करून दिला, एकाने विचार करतो म्हटले, आणि एका गृहस्थांनी आम्हांस विचारले की, तुमचे घर बांधून झाल्यावर तुम्हांस हे सुचले काय? त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते. भर तर अजून आमच्या घराखाली तशीच आहे.

गेल्या महिन्यात आमच्या शेजारचा मोकळा प्लॉट विकला गेला. घेणारे तरुण शिक्षक आहेत, आमचेच जुने विद्यार्थी. मुरुमाची पहिली गाडी रस्त्याकडेस येऊन पडली आहे. आणि २०१९ ची खूण आमच्या भिंतीवर पाहून, सर, किती फूट भर घालू, असे त्यांनी परवा आम्हांस विचारले. आम्ही त्यांस रविवारी संध्याकाळी घरी बोलाविले आहे, आणि मावशींसही.